पाचवी ते सातवीच्या मुलाला मराठीत नेमके काय लिहिता यायला हवे?

पाटीपेन्सिल

"मुलाला निबंध येत नाही" ही तक्रार पालकसभेत दर वेळी होते. निबंध येणे म्हणजे काय, हे मात्र कोणी सांगत नाही, म्हणून हा धागा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तिसरी ते पाचवी हा एक टप्पा आणि सहावी ते आठवी हा पुढचा टप्पा धरला आहे. आपल्या गोव्यात मात्र घरोघरी प्राथमिक म्हणजे चौथीपर्यंत हाच हिशेब चालतो, आणि बहुतेक मुलांचे माध्यम पाचवीला मराठीचे इंग्रजी होते. म्हणजे जिथे लेखन पक्के व्हायचे, नेमकी तिथेच मराठी एका विषयापुरती उरते. म्हणून पाचवी ते सातवी ही तीन वर्षे एकत्र धरू या.

माझा ठोकताळा असा. पाचवी संपताना मुलाने एका विषयावर सहा-सात वाक्यांचा एक परिच्छेद न बघता लिहावा. त्यातली सगळी वाक्ये एकाच गोष्टीबद्दल असावीत, प्रत्येक वाक्याला क्रियापद असावे, पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह जागच्या जागी असावे. घरच्या माणसाला पत्र जमावे. सहावीत दोन-तीन परिच्छेद एकमेकांना जोडता यावेत, दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट रचता यावी, एखादी कृती क्रमाने सांगता यावी. सातवीत १२० ते १५० शब्द, एक मत आणि त्याची दोन कारणे, औपचारिक अर्ज, उताऱ्याचा एक तृतीयांशात सारांश. आणि मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की स्वतःचे लिखाण वाचून त्यातली निदान तीन ठिकाणे सुधारता यावीत.

शब्दसंख्या शेवटी बघायची. दोनशे शब्दांचा पण एकही धड परिच्छेद नसलेला निबंध मी साठ शब्दांच्या नेटक्या परिच्छेदाच्या खाली ठेवेन.

शिरोरेघ

सहमत, पण त्याआधी हात बघा. मुलाला सुचत नाही असे आपण म्हणतो, पुष्कळदा त्याचा हात मागे पडलेला असतो. तपासायला सोपे आहे. परिचयाच्या धड्यातला उतारा पाच मिनिटे बघून लिहायला द्या आणि शब्द मोजा. मग तोच धडा तोंडी सांगायला लावा. तोंडी भरभर येते आणि कागदावर पाच मिनिटांत २५-३० शब्दच उतरतात, तर अडचण अक्षर काढण्याची आहे, विचारांची नाही. अशा मुलाला "अजून लिही" म्हणून काही होत नाही.

कारणे साधारण तीनच असतात. पेन टोकाच्या फार जवळ आणि फार दाबून धरणे, त्याने दहा ओळींत बोटे दुखतात. वही टेबलाच्या कडेला समांतर ठेवणे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने ती किंचित डावीकडे कलती ठेवावी, डावखुऱ्याने उजवीकडे. तिसरे देवनागरीचे खास: शिरोरेघ अक्षरागणिक काढणे. त्यामुळे हात प्रत्येक अक्षराला थांबतो आणि "घरा जवळ", "शाळे मध्ये" असे शब्द तुटतात. पूर्ण शब्द लिहून मग वरची रेघ एकदम ओढायची, आणि दोन शब्दांत एका अक्षराएवढी जागा सोडायची. पाचवीत गरज पडली तर दुरेघी वही पुन्हा द्यावी, त्यात कमीपणा मानू नये. रोज दहा मिनिटे, दीड-दोन महिने.

मानशीकाठ

गोव्यातल्या मुलांबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच मांडतो, कारण महाराष्ट्रात तयार झालेल्या स्वाध्यायपुस्तिकांत ती सापडत नाही. यातल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा कोंकणी आहे. त्यांच्या वहीतल्या ज्या चुकांना आपण तांबडी रेघ मारतो, त्या नियमशीर कोंकणी असतात. ते ओळखले की शिकवायचे कसे ते कळते.

"बाजारात मामा मिळाला." कोंकणीत मेळप हे क्रियापद वस्तू मिळण्याला चालते आणि माणूस भेटण्यालाही. मराठीत वस्तू मिळते, माणूस भेटतो.

"सहलीला जाऊन मला बरे दिसले." कोंकणीत म्हाका दिसता म्हणजे मला वाटते. मराठीत डोळ्यांना दिसते, मनाला वाटते.

"माझी धाकटी बहीण आले, ते चौथीत आहे." लहान मुलीला कोंकणीत नपुंसकलिंग लावतात, तें आयलें. मराठीत ती आली. लिंगाच्या चुका म्हणून गुण कापले जातात त्यांत ही एक हटकून असते, आणि मुलाला मराठी लिंगे कळत नाहीत असा निष्कर्ष निघतो. त्याच मुलाच्या बाकीच्या वाक्यांतली लिंगे तपासा, बरोबर सापडतील.

मागीर, फाल्यां, आयज हे शब्द तर सहज सुधारतात. वचपाक, खावपाक यांच्याजागी जायला, खायला यायला थोडा वेळ लागतो.

मग अनुस्वार. कोंकणीत केलें, बरें असे नपुंसकलिंगी रूपांवर अनुस्वार येतात. मराठीच्या लेखनात केले, बरे. पण "अनुस्वार काढून टाक" एवढेच सांगितले की मूल मुलांना, त्यांनी, सरांनी यांवरचेही काढते आणि नवीच चूक सुरू होते. शिकवताना दोन्ही शेजारी ठेवावीत: "त्यांनी घर बांधले", इथे पहिला अनुस्वार बोलण्यात ऐकू येतो, तो राहतो, "बांधलें"मधला शेवटचा जातो.

उपाय म्हणून वहीचे शेवटचे पान उभे दुमडा. डावीकडे "घरी असे म्हणतो", उजवीकडे "मराठीत असे लिहितो". आठवड्याला चार जोड्या पुरे. कोंकणी चुकीची आहे असे मुलाला एकदाही वाटू देऊ नका. दोन भाषा वेगळ्या ओळखता येणे हेच लेखनकौशल्य आहे.

डिचोलीचा वाचक

उत्तम माहिती. दोन प्रश्न. निबंधात चवथ (गणेशचतुर्थी), वसरी (ओसरी), माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट), मानस (शेताच्या बांधातले पाण्याचे दार) असे शब्द आले तर ते खोडायचे का? आणि शुद्धलेखनाचे गुण किती कापावेत? काही ठिकाणी प्रत्येक चुकीला अर्धा गुण जातो, त्यामुळे मुले सोपी, आखूड वाक्येच लिहितात.

अनुस्वार

पहिल्याचे उत्तर: खोडू नका. ती वस्तूंची नावे आहेत, माटोळीला दुसरा मराठी शब्द नाही. क्रियापद आणि प्रत्यय मराठी असले की झाले. "आमच्या वसरीवर माटोळी बांधली" हे शुद्ध मराठी वाक्य आहे.

दुसऱ्याबद्दल, प्रत्येक चुकीला गुण कापण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. कारण तुम्हीच सांगितलेत. मूल "पश्चात्ताप" लिहिण्याऐवजी "वाईट वाटले" लिहून सुटते आणि शब्दसंपत्ती वाढायची थांबते. एका निबंधात दोनच प्रकारच्या चुका दाखवाव्यात, बाकीच्या पुढच्या वेळी. समासात खूण करायची: अनुस्वाराला "अं", ऱ्हस्व-दीर्घाला "ऱ्ह", लिंगाला "लिं", विरामचिन्हाला "वि". चूक त्या ओळीत आहे एवढेच कळावे. शब्द मुलाने शोधावा. शिक्षकाने बरोबर शब्द वर लिहून दिला की मूल तो बघतसुद्धा नाही.

नियम किती शिकवावेत? मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा नियम आहेत. सगळे या वयात नकोत. पाच पुरतात.

एक, शब्दाच्या शेवटी येणारे इ-उ दीर्घ: पाणी, कवी, गुरू. अपवाद आणि, नि. हिंदी शिकणारी मुले "कि" लिहितात, मराठीत ते "की".

दोन, शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचे इ-उ दीर्घ: फूल, बहीण, गरीब, तूप.

तीन, त्याच शब्दाला प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व: फुलाला, बहिणीने, गरिबाचा. मुलांच्या वह्यांत "फूलाला" हेच सगळ्यात जास्त दिसते, कारण दोन नंबर शिकवतात आणि तीन शिकवायचा राहतो. दोन्ही एकाच दिवशी शिकवा. गीत, परीक्षा, पूजा असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत, ते पाहून पाठ करायचे.

चार, अनेकवचनाच्या प्रत्ययापूर्वी अनुस्वार: मुलांना, झाडांवर. आदरार्थीसुद्धा: बाईंनी, सरांनी.

पाच, दुसऱ्या, सुऱ्या यांतला अर्धा र आणि सूर्य, कार्य यांतला रफार. मुलाला दोन्ही म्हणायला लावा, आघात कुठे पडतो ते कानाला कळते. "दुसर्या" लिहिणारे मूल "आचार्या" आणि "आचाऱ्या" यांतला फरक ऐकले की थांबते.

वाक्याच्या शेवटी हिंदीतली उभी रेघ मराठीत येऊ लागली असेल तर तीही याच वेळी काढावी.

पाटीपेन्सिल

आता परिच्छेदाकडे, कारण सगळे तिथे अडते. "चवथ" विषयावर पाचवीचे मूल असे लिहिते:

"आमच्या घरी चवथ असते. चवथ मला खूप आवडते. आम्ही खूप मजा करतो. माटोळी बांधतात. आम्ही आरती करतो. पातोळ्या खातो. फटाके वाजवतो. मला चवथ खूप आवडते."

शुद्धलेखनाची एकही चूक नाही, आणि वाचून काहीच दिसत नाही. आठ वाक्ये, सहा विषय. "छान लिही, वर्णन कर" म्हटले की मूल "खूप"ची संख्या वाढवते. त्याऐवजी सहापैकी एकच विषय निवडायला सांगा, समजा माटोळी, आणि कागदाच्या मध्यभागी तो शब्द लिहून भोवती पाच प्रश्न मांडा: काय काय असते, कोण बांधते, कशाने बांधतात, तू काय करतोस, शेवटी कसे दिसते. उत्तरे सुट्या शब्दांत, वाक्ये नकोत. ही पाच मिनिटे वाचवली की पुढे अर्धा तास वाया जातो. मग त्या उत्तरांना क्रमांक घालायचे आणि लिहायचे:

"चवथीच्या आदल्या दिवशी आमच्या वसरीवर माटोळीचे सामान पसरलेले असते. नारळ, सुपारीची शिपटी, आंबाडे, कवंडळे, काकडी असे एकेक बाबा चौकटीला बांधत जातात. दोरी केवणीच्या सालीची असते. जड फळे आधी बांधतात. मी आंबाड्यांचे घोस धरून शिडीखाली उभी राहते. संध्याकाळी चौकटीचे लाकूड दिसेनासे होते आणि खोलीभर ओल्या पानांचा वास येतो."

इथे "खूप" नाही, "मला आवडते" नाही, तरी आवड दिसते. पहिले वाक्य विषय सांगते, मधली काम दाखवतात, शेवटचे वाक्य काम पूर्ण झाल्यावरचे. पाचवीला एवढीच रचना शिकवली तरी वर्ष सार्थकी लागले.

सहावीत या परिच्छेदाआधी एक आणि नंतर एक जोडायचा. जोडताना "तसेच", "आणि मग" एवढेच हाताशी असते. त्या वेळी वेळेचे शब्द (आदल्या दिवशी, तोवर, शेवटी), कारणाचे (म्हणून, कारण, त्यामुळे) आणि विरोधाचे (पण, तरी, उलट) असे तीन गट भिंतीवर लावावेत. एका निबंधात प्रत्येक गटातला एक शब्द तरी वापरायचा.

मानशीकाठ

कृतीलेखनाला आपल्याकडे फार चांगले विषय आहेत आणि ते वापरले जात नाहीत. पातोळ्या घ्या. मुलाला क्रम माहीत असतो पण लिहिताना एक पायरी गाळतो, ठरलेली: पीठ पानावर थापण्याआधी ते कालवायचे असते हे. "हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ पसरावे, वर गूळ-खोबऱ्याचे चून घालावे, पान मिटून वाफवावे." लिहिलेले दुसऱ्या मुलाला वाचायला द्या आणि हातांनी नुसता अभिनय करून दाखवायला सांगा. कोरडे पीठ पानावर पसरताना सगळ्यांना चूक कळते. शिक्षकाने एक शब्द बोलायची गरज नाही. पसरावे-घालावे की पसरतात-घालतात, हे आधी ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवायचे; अर्ध्यावर "मग आम्ही घातले" येते ते याच लेखनात सगळ्यात जास्त.

सातवीसाठी माहितीपर लेखन: खाजन शेती, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. बांध का घालतात, मानस काय काम करते. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मानशीची दारे मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही, ओहोटीला आतले पाणी दारे उघडून नदीत जाते. यात कार्यकारणभाव इतका स्वच्छ आहे की "त्यामुळे" आणि "म्हणून" आपोआप जागेवर बसतात. माहिती गोळा करताना मात्र पुस्तक किंवा मोबाईल उघडा ठेवून लिहू देऊ नये. वाचायचे, मिटायचे, आठवेल ते पाच-सहा शब्दांत टिपायचे, मग पुन्हा उघडून नावे आणि आकडे पडताळायचे. सारांशालाही हीच रीत: दर परिच्छेदाला एक वाक्य, पुस्तक मिटून.

केपेकरीण

पत्रलेखनात मांडणीलाच सगळे महत्त्व दिले जाते. तारीख, प्रति, विषय, महोदय, आपली विश्वासू, हे मूल पाठ करते आणि मधला मजकूर पोकळ राहतो. ग्रामपंचायतीला रस्त्यावरच्या दिव्याबद्दल पत्र लिही म्हटले की "आपण खूप चांगले काम करता" अशा तीन ओळी, मग "दिव्याची समस्या आहे, कृपया लक्ष द्यावे." वाचणाऱ्याला कुठला दिवा तेच कळत नाही.

मजकुरात चार गोष्टी हव्यात: काय झाले, कुठे, केव्हापासून, काय करून हवे. "आमच्या वाड्यावरील वाचनालयासमोरचा दिवा १० दिवसांपासून बंद आहे. तिथे रस्त्याला वळण असून बाजूला गटार उघडे आहे. संध्याकाळी शिकवणीहून परतणारी मुले त्याच वाटेने येतात. कृपया तो या आठवड्यात दुरुस्त करावा, ही विनंती." ३१ शब्द झाले, काम झाले. "विषय" सर्वांत शेवटी लिहायला लावा. मजकूर तयार झाला की तो आठ-दहा शब्दांत नेमका बसतो. आधी लिहिला की "दिव्याबाबत" एवढाच होतो.

घरच्या पत्रात आजीला "तीर्थरूप आजीस, साष्टांग नमस्कार" आणि लगेच पुढच्या ओळीत "तू कशी आहेस" हे चालते, घरात आपण तसेच बोलतो. पण शिक्षकांना लिहिताना एका वाक्यात तुम्ही आणि दुसऱ्यात आपण, असे नको.

शिरोरेघ

पाठ केलेल्या निबंधांबद्दल लिहायला हवे. "मी पक्षी झालो तर", "फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त" हे निबंध तयार पुस्तकांतून पाठ होतात आणि वर्गात तीस वह्यांत एकच पोपट उडतो. पालकांना त्यात काही गैर वाटत नाही, कारण गुण मिळतात. नुकसान सातवीनंतर दिसते: विषयात एक शब्द बदलला की मूल थांबते.

शिक्षकांनी विषयालाच जागा आणि वेळ जोडावी. "पावसाळा" ऐवजी "पावसात फेरीबोटीची वाट पाहताना धक्क्यावर काय काय दिसते". हे कुठल्या तयार पुस्तकात नाही. आत्मवृत्त द्यायचेच असेल तर मानशीच्या दाराचे द्या.

डिचोलीचा वाचक

याला जोडून: पाचवीनंतर विज्ञान आणि समाजशास्त्राची उत्तरे इंग्रजीत लिहायची असतात. मराठीतले हे कष्ट तिथे कामी येतात की मुलावर दुप्पट भार पडतो?

पाटीपेन्सिल

रचना कामी येते, अक्षरलेखन येत नाही. कारण आधी की परिणाम आधी, उदाहरण कुठे द्यायचे, एका परिच्छेदात एकच मुद्दा, हे एकदा एका भाषेत जमले की दुसऱ्या भाषेत नव्याने शिकवावे लागत नाही. स्पेलिंग आणि वाक्यरचना वेगळी शिकवावी लागते. म्हणून मुद्दे मराठीत किंवा कोंकणीत काढू द्यावेत आणि उत्तर इंग्रजीत लिहू द्यावे. निदान सहावीपर्यंत.

प्रश्नाचे क्रियापद ओळखायला शिकवा. "नावे लिहा"ला वाक्ये नकोत. "कारणे द्या"ला "कारण" नंतरचा भागच उत्तर असतो, प्रश्न पुन्हा उतरवून काही मिळत नाही. "फरक स्पष्ट करा" मध्ये जवळजवळ सगळी मुले चुकतात: डावीकडे खाऱ्या पाण्याची व्याख्या, उजवीकडे गोड्या पाण्याचे उपयोग. फरक एकाच निकषावर दाखवायचा असतो. आधी मधोमध निकष लिहायचा (चव, कुठे सापडते, शेतीला चालते का), मग दोन्ही बाजू भरायच्या.

केपेकरीण

सुधारणेबद्दल सुरुवातीला म्हणालात, ती नेमकी कशी करून घ्यायची? "पुन्हा वाच" म्हटले की मुले डोळे फिरवून वही देतात.

अनुस्वार

एका वाचनात एकच काम द्यायचे. पहिल्यांदा मोठ्याने वाचायचे आणि जिथे अडखळले तिथे टिंब द्यायचे. तिथे वाक्य मोडलेले असते. दुसऱ्यांदा फक्त क्रियापदे अधोरेखित करायची: सगळी एकाच काळात आहेत का, कर्त्याशी जुळतात का. तिसऱ्यांदा शेवटच्या शब्दापासून उलटे वाचायचे, शब्दागणिक. अर्थ तुटतो म्हणून डोळा अक्षरांवर राहतो आणि "फूलाला" दिसते. तिन्ही मिळून बारा-पंधरा मिनिटे.

लिहिणे आणि तपासणे एकाच दिवशी करू नये. सोमवारी मुद्दे आणि कच्चे लेखन एक ओळ सोडून, बुधवारी तपासणी, शुक्रवारी सुधारलेला भागच पुन्हा. अख्खा निबंध परत उतरवायला लावला की मूल पुढच्या वेळी मुद्दाम छोटे लिहिते. पंधरवड्याला असा एक, म्हणजे वर्षात पंधरा-सोळा होतात, आणि कच्च्या प्रती फाडायच्या नाहीत. जूनमधली आणि फेब्रुवारीतली शेजारी ठेवली की पालकसभेत निबंधाबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही.